आडव्या सायकलचा पुढचा चिमटा

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काकूंनी शेंगदाण्यांची पिशवी बाजूला सरकवली आणि मी काट्यावर आधी माझ्या सायकलचा लोखंडी चिमटा, म्हणजे पुढचं चाक दोन पायांत धरणारा फोर्क, ठेवला. 1040 ग्रॅम. मग कार्बनचा. 560 ग्रॅम. काकूंनी कार्बनचा दोनदा उचलून पाहिला, बोटाने दाबला आणि म्हणाल्या, "एवढा हलका? आणि तुझं सगळं वजन ह्याच्यावर? मोडायचा नाही ना गं?"

ही गोष्ट मागच्या जूनमधली. तेव्हा मी "नाही मोडत" म्हणून मोकळी झाले. आज त्याच प्रश्नावर लिहायला बसलेय, कारण मधल्या काळात दोन्ही चिमटे वापरून झाले, एक काढून टाकला, तिसरा आणला आणि गेल्या रविवारी कार्बनचा चिमटा करवतीने कापून आतून पाहिला. आडवी सायकल, म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल, चालवणारी माणसं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातला कुणी उद्या चिमटा बदलायच्या विचारात असेल, तर त्याने हे वाचूनच पैसे मोजावेत असं मला मनापासून वाटतं.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ड्रॉईंग आणि तपासणीचं काम करते. व्हर्नियर, मायक्रोमीटर, सरफेस प्लेट ही माझी रोजची हत्यारं. साध्या सायकलवर मी वीस वर्षं होते. मग दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर व्हायला लागल्या, मान धरायला लागली आणि डॉक्टरांनी हातावर भार द्यायचा नाही असं बजावलं. सायकल सोडायची माझी तयारी नव्हती. एमआयडीसीत आमच्या कारखान्याला जॉब पुरवणारे एक लेथवाले मामा आहेत. त्यांच्याकडे मी कागदावर काढलेलं चित्र घेऊन गेले. चौकोनी नळीची सांगड, म्हणजे फ्रेम, प्लायवूडचं पाठ टेकायचं आसन, पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे, मागचं चाक 26 इंची आणि पुढचं 20 इंची. मामांनी चित्र उलटसुलट करून बघितलं. "आवं ताई, ही सायकल हाय का आरामखुर्ची?" म्हणाले, पण दोन महिन्यांत करून दिली. पुढचा चिमटा आम्ही भंगारातल्या एका लहान मुलाच्या सायकलचा काढून बसवला होता. त्यावर मी दोन वर्षं चालवली.

आडवी सायकल चालवून न पाहिलेल्यांना वाटतं की माणूस मागे रेलून बसतो, म्हणजे वजन सगळं मागच्या चाकावर. माझ्या सायकलवर तसं नाही. घरी पुढच्या चाकाखाली वजनाचा काटा आणि मागच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीच्या विटा ठेवून, भिंतीला हात लावून मी बसले. मी आणि सायकल मिळून 79 किलो, त्यातले 36 पुढे. म्हणजे 45 टक्क्यांहून जास्त. साध्या सायकलवर खड्डा आला की आपण नकळत सीटवरून उठतो, हँडल थोडं उचलून घेतो, गुडघे-कोपर झेल घेतात. इथे पाठ आसनाला टेकलेली, पाय समोर अडकलेले. उठता येत नाही, चाक उचलता येत नाही. त्यातून माझे पेडल आसनापेक्षा उंच, त्यामुळे चाकापुढचा तीन-चार मीटरचा रस्ता पावलांआड जातो. जो खड्डा लांबून दिसला नाही तो थेट चाकालाच भेटतो. आणि चाक जेवढं छोटं, तेवढं ते खड्ड्यात खोल उतरतं आणि पलीकडची कड त्याला जास्त उभी लागते. हा सगळा हिशोब शेवटी चिमट्याच्या दोन पायांवर येऊन पडतो.

म्हणून साध्या सायकलच्या चिमट्यांबद्दल जे वाचायला मिळतं ते जसंच्या तसं इथे लागू होत नाही. कार्बनचा चिमटा रस्त्याची थरथर गिळतो असं सगळेच सांगतात. लांब चिमट्यात ते मलाही पटतं. पण मोठ्या चाकाच्या चिमट्याची लांबी साधारण 370 मिलिमीटर असते आणि माझ्या 20 इंची चिमट्याची 300. एकाच जाडीची नळी लवते ती लांबीच्या घनाच्या प्रमाणात. 370 चे 300 केले की लवणं जवळपास निम्म्यावर येतं. मग तो कार्बनचा असो नाहीतर स्टीलचा, आखूड चिमट्याला झेल घ्यायला जागाच उरत नाही.

मुळात निवड करायला चिमटे मिळायला तरी हवेत. 1933 साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या स्वाराने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या आडव्या सायकलवर एका तासात 45 किलोमीटरच्या वर अंतर कापलं आणि 1914 पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली की आडवी सायकल तिच्यात बसेना. शर्यत नाही म्हटल्यावर मोठा बाजार नाही, बाजार नाही म्हणून आमच्या मापाचे सुटे भागही थोडेच. 20 इंची चिमटा शोधायला गेलं की लहान मुलांच्या, बीएमएक्सच्या किंवा घडीच्या सायकलचाच हाती लागतो. त्यातही 20 इंच म्हणजे दोन वेगळी मापं, रिमचा 406 व्यास आणि 451 व्यास. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. रिमचा ब्रेक असेल तर चिमटा घेताना हे आधी बघा, पॅड रिमवर टेकले पाहिजेत.

मागच्या मे महिन्यात पुण्याच्या माझ्या आतेभावाने त्याच्या घडीच्या सायकलचा कार्बनचा चिमटा मला नऊ हजारांत दिला. डिस्क ब्रेकची सोय असलेला, काळा, नखाएवढाही ओरखडा नसलेला. बसवायला गेले तेव्हा मामा नेहमीप्रमाणे वरच्या नळीत स्टार नट, म्हणजे आत रुतून बसणारा दातेरी नट, ठोकायला हातोडी घेऊन उभे. मी हात धरला. कार्बनच्या नळीत स्टार नट ठोकायचा नसतो, त्याचे दात आतून थर फाडतात. तिथे फुगणारा प्लग घालतात आणि हँडलच्या खोबणीचे बोल्ट किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने बहुतेक 5 न्यूटन मीटरच्या आसपास आवळतात. मामांचा हात चाळीस वर्षं लोखंडावर बसलेला. ते आवळतात तेव्हा बोल्ट "आता पुरे" म्हणेपर्यंत आवळतात. माझ्या सायकलचं हँडल लांब दांड्यावर माझ्या छातीपर्यंत येतं, निघताना ते ओढलं जातं आणि त्या दांड्याच्या तरफेचा सगळा जोर याच नळीवर येतो. त्यामुळे टॉर्क पाना मी कारखान्यातून रीतसर नोंद करून आणला आणि बोल्ट स्वतः आवळले.

त्याच संध्याकाळी अंगणात मी एक मोजमाप केलं, ते जरा सविस्तर सांगते, कारण चिमटा विकणारे हे कधी सांगत नाहीत. शेजारच्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. सायकल सरळ उभी केली, चाकाच्या आसापासून ओळंबा सोडला आणि फरशीवर तो टेकला तिथे खडूने फुली मारली. मग सांगडीच्या पुढच्या नळीला, म्हणजे जिच्यात चिमटा फिरतो तिला, दोरी लावून तीच रेघ खाली फरशीपर्यंत वाढवली आणि दुसरी फुली मारली. पहिली फुली दुसरीच्या जितकी मागे, तितकी सायकल आपणहून सरळ चालायला बघते. याला ट्रेल म्हणतात. जुन्या चिमट्याचा ट्रेल 40 मिलिमीटर होता. कार्बनचा आला 33.

कारण असं की तो चिमटा आस 45 मिलिमीटर पुढे काढून धरत होता, जुना 35. मोठ्या चाकाला 45 पुढे काढलं तरी ट्रेल साठच्या आसपास राहतो, छोट्या चाकाला तेवढ्यानेच तो निम्म्यावर येतो. शिवाय कार्बनचा 15 मिलिमीटर लांब होता, त्यामुळे पुढचं टोक उचललं जाऊन नळी पाऊण अंश मागे कलली, म्हणून 33 तरी मिळाले. चढावर संथ चालताना हँडल हलकं वाटायचं, तेवढं चांगलं होतं. पण यवतेश्वरच्या घाटातून समर्थ मंदिराकडे उतरताना ताशी पस्तीसच्या पुढे गेलं की हँडल कागदासारखं वाटायचं. दोन्ही हात शांत ठेवून, श्वास धरून उतरायचं. यात कार्बनचा दोष काहीच नव्हता, तो मापाचा दोष. पण 20 इंचीत कार्बनचं मापच एक-दोन प्रकारचं मिळतं. स्टीलचा चिमटा तुम्ही वाकवून, बनवून, निवडून घेऊ शकता.

आता त्याच्या बाजूने जे बोलायला हवं ते बोलते. तो गंजत नाही, आणि साताऱ्यापासून कासपर्यंतच्या पावसात ही लहान गोष्ट नाही. नीट बनवलेला कार्बन रोजच्या हादऱ्यांनी सहजासहजी थकतही नाही, त्याबाबतीत तो ॲल्युमिनियमच्या कितीतरी पुढे आहे. डिस्क ब्रेक लावला की सगळी ओढ चिमट्याच्या डाव्या पायावर येते आणि तो पाय पिळला जातो. हा चिमटा त्यासाठीच बनवलेला असल्याने ब्रेक दाबला तरी सायकल रेघ सोडत नव्हती. जुन्या चिमट्याला डिस्क ब्रेक बसवायचा कान वेल्ड करून द्या म्हणून मी पूर्वी मामांच्या मागे लागले होते, तेव्हा त्यांनी चक्क नकार दिला होता. "पोराच्या सायकलची नळी ती, कागदागत. वेल्डिंगच्या कडंला फाटंल." ते शंभर टक्के बरोबर होतं.

आणि वजन? काट्यावर 480 ग्रॅमचा फरक. मी, सायकल, पाणी, पाना-पंक्चर मिळून 82 किलो. म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरला चढायला मला 50 मिनिटं लागतात. चढावरचा वेळ वजनाच्या प्रमाणात धरला तर 17-18 सेकंद वाचतात. घाटात वाटेवर माकडं आडवी आली की याच्या दसपट वेळ जातो. पण खरं सांगते, पहिल्या दिवशी सायकल उचलताना पुढचं टोक हलकं लागलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

सप्टेंबरच्या शेवटी ठोसेघरच्या रस्त्याला होते. सज्जनगडचा फाटा मागे पडलेला, उन्हाची तिरीप, रस्ता नुकता वाळलेला. गावाच्या अलीकडे पाण्याच्या पाइपसाठी रस्ता आडवा खणून वरवर माती भरली होती आणि पावसाने ती माती बसली होती. वीतभर रुंदीचा चर. माझ्या पावलांआड. ताशी तीसच्या वेगाने चाक त्यात गेलं आणि "खण्" असा आवाज झाला. पाठीत दणका बसला, पण पडले नाही. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. रिमची कड तीन मिलिमीटर आत दबलेली. आणि चिमटा? एक रेघ नाही. हातरुमालाने पुसून, उन्हात फिरवून फिरवून पाहिला. नवा कोरा.

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिले. रिमने मार खाल्ला हे दिसत होतं. तो मार चिमट्यातूनच वर माझ्यापर्यंत आला होता. मग चिमट्याने काय केलं, तेच कळत नव्हतं.

कार्बन म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याइतके बारीक तंतू, त्यांचे थर वेगवेगळ्या दिशांना रचून रेझिनने चिकटवलेले. तंतूच्या दिशेने त्याची ताकद अफाट, पण थराला थर फक्त रेझिनने धरलेला. मार बसला की आतले दोन थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि वरचा रंग तसाच राहतो. स्टील आधी वाकतं, रंग फुटतो, चाक एका बाजूला घासायला लागतं, ब्रेक लागेनासा होतो. कार्बन तसं काही न सांगता सोसत राहतो आणि त्याची हद्द आली की एकदम जातो. साध्या सायकलवर पुढचा चिमटा गेला तर माणूस तोंडावर पडतो. माझ्या सायकलवर पाय आधी जातात, समोर काय असेल त्यावर.

घरी येऊन चिमटा काढला, धुतला, वाळवला आणि रुपयाचं नाणं घेऊन बसले. ही जुनी पद्धत आहे. नाण्याच्या कडेने हलके टकटक करत वरून खाली यायचं. थर घट्ट असतील तर आवाज कोरडा आणि चढा येतो, सुटले असतील तर बसका. पंखा बंद केला, टीव्ही बंद करायला लावला. डावा पाय: टिक, टिक, टिक, आणि तळाच्या कानापासून, म्हणजे चाकाचा आस बसतो तिथपासून, दोन बोटं वर आवाज बदलला, कारण तिथे आत ॲल्युमिनियमचा तुकडा चिकटवलेला असतो. उजवा पाय: टिक, टिक, आणि चार बोटं वरच "टुक". मी पुन्हा केलं. नवऱ्याला डोळे मिटून ऐकायला लावलं. त्यालाही चार बोटांवरच बदल लागला. मार बसायच्या आधी मी नाणं वाजवून ठेवलं नव्हतं, म्हणून पहिल्यापासून असं होतं का, हे सांगायला पुरावा नाही. कार्बनचा चिमटा घेणार असाल तर एवढं जरूर करा: नवा असतानाच दोन्ही पाय वाजवून घ्या आणि मोबाईलवर आवाज ठेवा.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या अल्ट्रासोनिक तपासणीवाल्या दादांना चिमटा दाखवला. ते रोज ओतकामातली पोकळी शोधतात, कानाने माणूस ओळखावा तसा पडद्यावरच्या रेघेवरून दोष ओळखतात. त्यांनी चिमटा हातात घेतला, प्रोब लावलासुद्धा, मग काढून ठेवला. "मॅडम, माझा प्रोब आणि माझे नमुने सगळे स्टीलचे. ह्यावर मी चांगला म्हटलं तरी खोटं आणि वाईट म्हटलं तरी खोटं." मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. त्या दिवसापासून कार्बनचा चिमटा माझ्या सायकलला लागला नाही.

नोव्हेंबरात क्रोमोलीचा, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलचा चिमटा पुण्याहून मागवला. डिस्कच्या कानासकट, सरळ पायांचा, आस 32 मिलिमीटर पुढे धरणारा, लांबी 300 आणि वजन 1180 ग्रॅम. म्हणजे भंगारातल्यापेक्षाही जड. किमतीला कार्बनच्या निम्माही नाही. कार्बनच्या चिमट्यात 35 मिलिमीटरच्या वरचा टायर मडगार्डासकट जात नव्हता, ह्याच्यात 47 चा गेला. हवा 80 पीएसआयवरून 45 वर आणली. ओळंबा पुन्हा सोडला: ट्रेल 47.

पहिल्याच फेरीला, गोडोलीतून पोवई नाक्याकडे येताना, मला जे सुख कार्बनकडून हवं होतं ते त्या टायरने दिलं. उखडलेल्या डांबरावरची ती दातांपर्यंत येणारी थरथर पाठीपर्यंत आलीच नाही. आखूड चिमट्याच्या सायकलवर आराम हवा असेल तर पहिले पैसे टायरवर खर्च करा. हे मी आधी केलं असतं तर नऊ हजार वाचले असते. आणि डिस्क ब्रेक असेल, चाकाला क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय मुठीने उघडणारा आस असेल, तर निघायच्या आधी रोज त्याची मूठ तपासा. कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबून धरणारा भाग, पायाच्या मागे असतो, ब्रेक दाबला की तो आसाला खाली, खोबणीबाहेर ढकलायला बघतो. हे स्टीललाही लागू आहे आणि कार्बनलाही.

जानेवारीत कोरेगाव रस्त्याला, संगम माहुलीचा पूल ओलांडून पुढे गेल्यावर, पहाटेच्या धुक्यात उसाच्या ट्रॉलीतून पडलेली मोळी चाकाखाली आली. कांडकं फिरून चिमट्यात आणि चाकात अडकलं आणि सायकल जागच्या जागी थांबली. ढोपर फुटलं. चाक फिरवून बघितलं तर टायर डाव्या पायाकडे कललेला, उजवीकडे बोटभर जागा, डावीकडे अर्धं बोट. मार कुठे बसला आणि किती, हे मी रस्त्यावर उभी राहून, चष्मा पुसत सांगू शकत होते.

सोमवारी मामांच्या वर्कशॉपमध्ये चिमटा व्ही-ब्लॉकवर बसवला, हाइट गेज लावला. डावा पाय दीड मिलिमीटर मागे. मामांनी दांडा अडकवून थंडच, हळूहळू, तीन वेळा मोजत सरळ केला. गरम करायचा नाही हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. मग मी डाय पेनेट्रंटचे डबे काढले. आमच्या कामात हे रोजचं आहे: जागा स्वच्छ पुसायची, लाल रंग फवारायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं आणि वरून पांढरी भुकटी फवारायची. केसाएवढी चीर असली तरी तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. मी वरचा सांधा, दोन्ही कान, डिस्कचा कान, सगळीकडे फवारलं. आम्ही दोघं बाकड्यावर बसून चहा पीत त्या पांढऱ्या पृष्ठभागाकडे बघत होतो. दहा मिनिटं गेली. पांढरं ते पांढरंच राहिलं. "बसवा ताई," मामा म्हणाले. त्याच दिवशी संध्याकाळी मी त्यावर घरी आले.

ही तपासणी साताऱ्यात कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये होते, हे माझ्यासाठी वजनातल्या फरकापेक्षा फार मोठं आहे. ज्यांच्या गावात कार्बन तपासणारा माणूस आहे, ज्यांचे रस्ते गुळगुळीत आहेत, ज्यांची सायकल कंपनीने त्या चिमट्यासाठीच आखलेली आहे, त्यांनी खुशाल कार्बन वापरावा. मी त्यांना अडवणार नाही. पण घरी बनवलेल्या सांगडीला, जुना घेतलेला, दुसऱ्या जातीच्या सायकलचा कार्बन चिमटा लावू नका. त्याने आधी काय सोसलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

गेल्या रविवारी तो जुना कार्बनचा चिमटा घेऊन मामांकडे गेले. कपाटात तो राहिला असता तर कधीतरी कुणीतरी मागितला असता आणि माझ्याच्याने नाही म्हणवलं नसतं. म्हणून कापायचा ठरवला. कार्बनची धूळ छातीत जाणं वाईट, म्हणून तोंडाला मास्क, हातमोजे आणि करवतीवर मामांचा पुतण्या बाटलीने पाण्याची धार धरून. उजवा पाय तळापासून चार बोटांवर कापला. मग दोन बोटांवर. मग डावाही तसाच. कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि कारखान्यातून आणलेल्या भिंगाखाली धरल्या.

थर सुटलेले नव्हते. एकही नाही. ॲल्युमिनियमचे तुकडे दोन्ही पायांत सारख्याच लांबीचे होते, त्यांच्याभोवती पांढरी भुकटी, म्हणजे गंजाची खूणही नव्हती. फरक एवढाच होता की उजवीकडे चिकटवताना रेझिन जास्त पडलं होतं. ते तुकड्याच्या वर, पोकळीत दोन बोटं चढून मधासारखं थिजलं होतं. नाण्याचा आवाज तिथे बसका येत होता तो त्यामुळे. चिमटा बनला त्या दिवसापासून येत असणार.

मी बराच वेळ ते तुकडे हातात घेऊन उभी होते. वाईट वाटलं. जिथे जिथे कापलं तिथे तरी तो चिमटा चांगला होता, आणि ठोसेघरच्या त्या दणक्यानंतरही तो चांगलाच राहिला होता.

"मंग उगंच काढला व्हय?" मामांनी विचारलं.

"कापल्याशिवाय कळायचंच नव्हतं, मामा."

त्यांनी तो मधासारखा रेझिनचा थेंब नखाने खरवडून पाहिला, तुकडा बाकड्यावर ठेवला आणि माझ्या सायकलचा चिमटा मोकळा करायला घेतला. पावसाळ्याच्या आत त्याचं एक काम व्हायचं होतं. स्टील आतून गंजतं, आणि ते बाहेरून दिसत नाही, हाच त्याचा एक लपलेला दोष. त्यावर जुना उपाय जवसाच्या तेलाचा. घरून मी पाव लिटर आणलं होतं. पायांच्या आत जाणारी बारीक भोकं असतात तिथून पिचकारीने तेल सोडलं, वरच्या नळीत ओतलं, भोकांना चिकटपट्टी लावली आणि चिमटा हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवला, म्हणजे आतून लेप बसेल. उरलेलं तेल डब्यात निथळायला चिमटा खिळ्याला उलटा टांगून ठेवलाय. जवसाचं तेल हवेवर सावकाश वाळून घट्ट होतं, चार दिवस तरी हात लावायचा नाही. शुक्रवारी बसवीन.